काचेवरचं सहावं कलम

मी रोजा धरतो. पाचही वेळा नमाज पढतो, गुडघे कुरकुरतात तरी. आणि रमजानभर सकाळी आठपासून लोकांना कॉफी पाजतो. यात तुम्हाला काही चुकतंय असं वाटत असेल तर तुम्ही आमच्या गावचे नाही.

माझ्या कॅफेला पुढून काच आहे आणि मागून दार. रमजान लागला की काचेवर वर्तमानपत्रं चिकटवायची, पुढचं दार ओढून घ्यायचं, मागचं उघडं ठेवायचं. मग रोजाबुडवे एकेक करून बोळातून येतात, डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात आणि आत शिरतात. पोस्टमास्तर येतो, दोन टॅक्सीवाले येतात, औषधाच्या दुकानातला माणूस येतो. हवालदार शेदली टोपी काढून येतो, म्हणजे तो ड्युटीवर नाही असं आपण समजायचं. आत कोण बसलंय ते अख्ख्या गावाला माहीत असतं. पण बघितलेलं कुणीच नसतं, आणि न बघितलेल्या गोष्टीवरून आमच्याकडे कुणी भांडत नाही. माझ्या बापानं असाच चाळीस वर्षं कॅफे चालवला, मी तीस.

रमजानात दिवसा कॅफे बंद ठेवावेत असं एक जुनं सरकारी परिपत्रक आहे म्हणतात. ते पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय.

त्या वर्षी आमच्या ट्युनिशियाला नवी राज्यघटना मिळाली होती. तेवीस वर्षं देश मुठीत ठेवलेले जुने साहेब विमानात बसून पळाले, आणि मग राजधानीत दोनशेवर माणसं वर्षानुवर्षं एकाच गोष्टीवर घसा कोरडा करत बसली: इस्लामला घटनेत कुठे बसवायचं. लग्नाच्या जेवणात रुसलेल्या मामाला कुठे बसवायचं यावरून घरं फुटतात, त्यातलीच गत. शेवटी दोन्हीकडचे दमले आणि सहाव्या कलमात दोन्ही गोष्टी घालून मोकळे झाले. राज्य धर्माचं रक्षण करेल, पवित्र गोष्टींना धक्का लागू देणार नाही. आणि ज्याची श्रद्धा, ज्याचं मन, ते त्याला मोकळं राहील. मग सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. आम्ही टीव्हीवर बघितलं. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू.

एका वर्तमानपत्रानं अख्खी घटना छापून पुरवणी काढली. ती काही खपली नाही. रमजानच्या आदल्या दिवशी पेपरवाल्यानं उरलेला गठ्ठा माझ्या गळ्यात मारला. कागद जाड, छपाई दाट, आरपार काही दिसत नाही. मी पिठाची खळ केली आणि संध्याकाळपर्यंत सगळी काच राज्यघटनेनं झाकून टाकली. इतका चांगला पडदा मला कधी मिळाला नव्हता.

पहिल्या रोजाच्या सकाळी तिजानी आला. तो माझा शाळासोबती. हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवतो, म्हणून गाव त्याला मानानं 'सी तिजानी' म्हणतं. मी नुसतं तिजानी म्हणतो. रोजा, नमाज यांच्याशी त्याचा संबंध नाही, आणि ते त्यानं कधी लपवलेलंही नाही.

"लामीन, हे काय लावलंयस?"

"पेपर. दरवर्षी लावतो."

"हा पेपर नाही. ही घटना आहे."

"मग घटना लावलीय. जाड आहे."

त्यानं चष्मा वर केला, काचेला नाक लावून सहावं कलम शोधून काढलं आणि वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. मग पोस्टमास्तरकडे वळला. "ऐकलंत? तुम्ही कॉफी प्यायलात तर तो तुमचा प्रश्न, असं या देशानं लिहून दिलंय. आणि तेच लिहिलेल्या कागदामागे तुम्ही लपून कॉफी पिताय."

"सी तिजानी," पोस्टमास्तर म्हणाला, "कागद कुठलाही असो. लपायला बरा आहे."

तिजानीनं रुमाल पाण्यात बुडवला, तेवढा एक कागद भिजवून अलगद सोडवला आणि घडी करून खिशात घातला. खिडकीएवढं ऊन आत आलं. चार खुर्च्या एकदमच मागे सरकल्या. तिजानीनं आपली खुर्ची त्या उन्हात ओढली, रस्त्याकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, "एक कॉफी."

"तिजानी, नको रे बाबा."

"कायदा दाखव, मग उठतो."

"मला कायदा येत नाही. मला गाव येतं."

"सत्तारच्या वेळी असं म्हणाला नव्हतास."

सत्तार माझा धाकटा भाऊ. जुन्या साहेबांच्या राज्यात पहाटेच्या नमाजाला रोज मशिदीत कोण जातं याची यादी व्हायची. यादी करायचा हाच शेदली, तेव्हा तो साधा शिपाई होता. सत्तारला उचलला, अकरा महिने आत टाकला. आमच्या दारात कुणी पाऊल ठेवेना. नमाज न पढणारा हा एकटा तिजानी ठाण्यात गेला आणि म्हणाला, माणूस अल्लापुढे वाकला तर सरकारच्या बापाचं काय गेलं? दोन दात घालवून परत आला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेला.

मी कॉफी दिली.

तीन दिवस तो असा बसला. रस्त्यावरच्या बायका पलीकडच्या बाजूनं जायला लागल्या. माणसं थांबून बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. आणि आतलं माझं गिऱ्हाईक? मोकळीक आली आणि गिऱ्हाईक गेलं. पोस्टमास्तर म्हणाला उजेडानं डोळे दुखतात. टॅक्सीवाले दुसऱ्या गावी कॉफी प्यायला जाऊ लागले, पेट्रोल जाळून. तिसऱ्या दिवशी शेदली मागच्या दारातूनच कुजबुजला, "काका, सरांना सांगा ना कागद लावायला. मी कॉफी कुठे प्यायची?"

चौथ्या दिवशी ठाण्यात तक्रार आली. खाली नऊ सह्या. पहिली सही वळणदार, ओळखीची. मी तडक सत्तारच्या दुकानात गेलो. खिळे, कुलपं, रंगाचे डबे विकतो तो.

"लाज नाही वाटत? तुझ्यापायी त्याचे दात गेले."

"दादा, मी जेल म्हटलं का? मी फक्त कागद लावा म्हटलंय. माझी पोरं त्या रस्त्यानं कुराण शिकायला जातात."

"मग मला सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस, आणि त्यानं येऊन मला कलम ऐकवलं असतं. त्याच्याशी बोलण्यात माझा निभाव लागत नाही." सत्तार कुलपं नीट मांडत राहिला. "पवित्र गोष्टी सांभाळू असं घटनेतच लिहिलंय ना? मग म्हटलं, सांभाळा."

दोघं एकच कलम दाखवत होते. मी काय बोलणार, कपाळ?

शेदलीनं तिजानीला ठाण्यात नेलं, स्वतःच्या हातानं खुर्ची दिली आणि 'सार्वजनिक सभ्यतेचा भंग' असं लिहून घेतलं. माझा परवाना वाचावा म्हणून त्यानं कागद वाऱ्यानं पडला असं लिहिलं. जुलैत आमच्याकडे वारा नसतो, पण ते कुणी विचारलं नाही. तिजानीला घरी सोडला आणि पाच दिवसांनंतरची तारीख दिली. शिक्षा झाली तर महिनाभर आत, आणि आत गेलेल्या मास्तरला खातं परत वर्गात उभं करत नाही. चौतीस वर्षं शिकवलेला माणूस. घरी बसवला तर वर्षभरात मरेल, हे मला त्याच्या बायकोनं सांगायची गरज नव्हती.

त्याचा वकील हातेम, त्याचाच विद्यार्थी. इफ्तार झाल्यावर तिघे माझ्याकडे बसलो.

"सर, डॉक्टरचा एक कागद आणा. साखर लिहा, रक्तदाब लिहा, काहीही. आजाऱ्याला रोजा माफ आहे, धर्मच सांगतो. पाच मिनिटांत प्रकरण मिटेल."

"मला आजार नाही."

"सर, या गावात पन्नाशीनंतर साखर कुणाला नसते?"

"मला नाही. मी का खोटं बोलू? घटनेनं मला हक्क दिलाय आणि तू मला सूट देतोयस. हक्क आणि सूट यातला फरक तुला मीच शिकवला होता. विसरलास?"

"विसरलो नसतो तर वकिली चालली नसती, सर."

तिजानी हसला नाही. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मला त्याची भीती वाटत होती. खरं बोलून स्वतःचं वाटोळं करणाऱ्या माणसाला धरायचं कुठे?

कोर्टात न्यायाधीश म्हणून एक तरुण बाई होत्या. तिजानी मुलीच्या लग्नात शिवलेला सूट घालून आला होता. त्यानं खिशातला तो घडी केलेला कागद काढला आणि पाव तास बोलला. शिपाईसुद्धा ऐकत होते. बाईंनी मध्ये तोडलं नाही.

"सी तिजानी, तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याच कलमात पुढे पवित्र गोष्टींचं रक्षण करा असंही म्हटलंय. राजधानीतल्या दोनशे माणसांना यातलं एक निवडता आलं नाही. त्यांनी दोन्ही लिहून माझ्याकडे पाठवलंय. दुपारी दोनच्या आत मी कुठलं निवडू?"

"जे धाडसाचं आहे ते."

"माझ्याकडे आज एकतीस प्रकरणं आहेत," बाई म्हणाल्या. मग कागद चाळत विचारलं, "तुमची तब्येत कशी असते?"

"उत्तम."

हातेमनं डोळे मिटले. मला पुकारलं. काच, कागद, वारा यांबद्दल विचारायला मी साक्षीदार. हात वर करून अल्लाची शपथ घेतली, खरं तेच सांगेन. जीभ सुकली होती, रोजाच होता. बाईंनी कागदाबद्दल विचारलं, मी वारा म्हटलं. इतपत ठीक. मग त्या माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "तुम्ही यांना रोज कॉफी देता. यांना काही आजार वगैरे आहे का?"

त्या प्रश्न विचारत नव्हत्या, दार उघडून देत होत्या. मी तिजानीकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. सूट त्याला सैल झाला होता.

"साखर आहे, बाईसाहेब," मी म्हणालो. "सहा वर्षं झाली. कॉफी बिनसाखरेची देतो. लाजतात, म्हणून सांगत नाहीत."

"खोटं आहे!" तिजानी ओरडला. "मी ठणठणीत आहे. तीन चमचे साखर घेतो."

"तीन चमचे?" बाई काळजीनं म्हणाल्या. "सी तिजानी, असं करू नका. माझे वडील असंच करायचे."

तो जितका नाही म्हणत गेला तितका आजारी ठरत गेला. निकाल चार ओळींचा. आजारी माणसाला धर्मानंच सूट दिली आहे, म्हणून निर्दोष. सहाव्या कलमाचं नावही नाही. बाहेर येऊन तिजानी हातेमला म्हणाला, "अपील कर." हातेम म्हणाला, "सर, सुटलेल्या माणसाला सुटल्याविरुद्ध अपील करता येत नाही." तिजानी माझ्याकडे न बघता निघून गेला.

गावाला इतकं बरं वाटलं की विचारू नका. गुन्हेगार कुणालाच नको होता. आजारी माणूस सगळ्यांना चालतो. मी काच पुन्हा झाकली, पोस्टमास्तरचे डोळे बरे झाले, शेदली टोपी काढून यायला लागला. सगळं पहिल्यासारखं. तिजानी तेवढा आला नाही.

आणि मला रोजा लागेना. म्हणजे धरत होतो, पण नुसती उपासमार. नमाजाला हात उचलले की कोर्टात वर केलेला तोच हात आठवायचा. बायकोला सांगितलं. मबरूका म्हणाली, "माणूस वाचवलास, अल्लाला कळतं." पण ती माझी बायको, ती असंच म्हणणार. मी इमामसाहेबांकडे गेलो आणि सगळं ओकून टाकलं. दहा गरिबांना जेवू घाल म्हणतील, असं धरून चाललो होतो.

"ते मोडलेल्या शपथेला," इमामसाहेब म्हणाले. "जाणूनबुजून खोटी घेतलेल्या शपथेला आपल्यात प्रायश्चित्त नाही, लामीन. ती प्रायश्चित्तात बसत नाही, इतकी मोठी आहे. तोबा कर. आणि ज्याच्यापुढे खोटं बोललास त्याच्यापुढे जाऊन खरं सांग."

"मग माझा दोस्त आत जाईल."

"ते मला विचारू नकोस. मी शपथेचं सांगितलं."

पंचविसाव्या रोजाला मी तिजानीच्या दारात उभा राहिलो. त्यानं दार उघडलं आणि आत घेतलं. टेबलावर डबेच डबे. बिनमधाचे मकरूद, म्हणजे रव्या-खजुराच्या वड्या, जवाची भाकरी, मेथीचं पाणी.

"बघ," तो म्हणाला. "तक्रारीवर पाचवी सही करणाऱ्या बाईनं भाकरी पाठवलीय. तुझा सत्तार काल माझा हात धरून माफी मागून गेला. म्हणाला, मला माहीत असतं तर सही केली नसती. मी ठणठणीत असतो तर केली असतीच, असा त्याचा अर्थ. त्याला सांगायला गेलो तर म्हणे, सर, रागावू नका, साखर चढते."

मी त्याला इमामसाहेबांचं सांगितलं. टिंगल करील वाटलं होतं. त्यानं नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारून घेतलं.

"म्हणजे तू जाऊन खरं बोललास की तुझी शपथ सुटेल," तो म्हणाला, "आणि माझं कलम पुन्हा कोर्टात उभं राहील. अरे मग चल की. दोघांचंही काम होतंय."

"आत गेलास तर?"

"जाईन. निदान ठणठणीत म्हणून जाईन."

कितीतरी दिवसांनी हसला. सूट चढवला. भर दुपारच्या उन्हात आम्ही दोघं म्हातारे कोर्टाकडे असे चाललो होतो, की बघणाऱ्याला वाटावं वरात चाललीय. मला हलकं वाटत होतं. घाबरलो होतो, पण हलकं वाटत होतं.

बाई रजेवर होत्या. खिडकीत कारकून होता, तोही तिजानीच्या हाताखालून गेलेला. मी म्हटलं, "मला साक्ष बदलायचीय." त्यानं सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"काका, सर सुटले ते सुटले. सरकारची अपिलाची मुदतही संपली. तो खटला आता कुणाला उघडता येत नाही."

"मग मी खरं सांगितलं तर काय होतं?"

"मग तुमचा खटला उघडतो. शपथेवर खोटी साक्ष. त्याला महिना नाही, वर्षं आहेत. कॅफे तर गेलाच समजा." त्यानं कोरा कागद पुढे ओढला. "लिहू?"

मबरूका डोळ्यांपुढे आली. कॅफे आला, बापानं बसवलेली ती काच आली. पण इमामसाहेबांनी यातल्या कशासाठीही सूट दिली नव्हती. मी म्हटलं, "लिही."

तिजानीनं कागदावर हात ठेवला.

"थांब. याचं काही लिहू नकोस. ऊन लागलंय याला, त्यात रोजा. काय बोलतोय त्याला कळत नाही."

"तिजानी, हात काढ."

"मला साखर आहे," तिजानी कारकुनाला म्हणाला. आवाज वर्गातलाच, स्पष्ट. "सहा वर्षं झाली. कोर्टात लाज वाटली म्हणून नाही म्हणालो. हा खरं बोलला होता."

"सर, पण तुम्ही तर भर कोर्टात..."

"तेव्हा मी खोटं बोललो."

कारकुनानं कागद परत खणात ठेवला. "माहीत आहे सर, सगळ्या गावाला माहीत आहे. जपा स्वतःला. माझी आईही घेते गोळ्या."

बाहेर पायऱ्यांवर तिजानी बसला. मी शेजारी टेकलो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. माझी शपथ होती तिथेच राहिली होती, आणि आता त्याच्यावरही एक खोटं चढलं होतं.

"कशाला केलंस?" मी म्हटलं.



"तू इमामाकडे गेलास," तो म्हणाला. "त्यानं सांगितलं, याला प्रायश्चित्त नाही. पण निदान सांगितलं तरी. मी कुणाकडे जाऊ?"

शिपायानं दोन वाजता दारं लावून घेतली, तरी आम्ही तिथेच बसून होतो.